पाणी सोडताना

गावाचं सगळं माझ्याकडे येतं
उतारानं, अंधारातून, न बोलावता.
सकाळी सातला कॉफीचा चोथा, आठला शाळेचं,
रविवारी दुपारी
ऑक्टोपस उकडलेलं जांभळट पाणी.
वासावरून घरं ओळखते असं नाही म्हणणार,
पण घड्याळ लागत नाही मला.

नाव सबेला. सांडपाणी केंद्र, रात्रपाळी.
गॅलिशियाचा किनारा. इथं समुद्र
खिशात हात घालावा तसा जमिनीत शिरलाय,
आणि त्या खिशाच्या तळाशी, उथळ वाळूत,
तिसऱ्या वाढतात.

आई त्या काढते. ओब्दुलिया, बासष्ट वर्षांची.
ओहोटीला रबरी बूट, लांब दांड्याचं दाताळं.
दाताळं तिला तिच्या आईकडून आलं,
गुडघेही.

लोकांना वाटतं, इथं यंत्रं पाणी धुतात.
यंत्रं फक्त हवा फुंकतात. खाणारे वेगळेच.
टाकीतला एक थेंब काचेवर घ्या:
देठांवर उभ्या इवल्या घंटा
आखडतात, उलगडतात, आखडतात.
त्या दिसल्या की गाळ निरोगी.
मी मोजते. त्रेचाळीस.
मग हात धुऊन पाव खाते.

नोव्हेंबरात मात्र पाऊस.
पणजोबांच्या काळातला नळ,
छपराचं आणि संडासाचं पाणी त्याला एकच.
त्यात दोन नंबरचा पंप बसला.
झाकण उघडलं तर ओल्या टिश्यूंची वेणी,
माझ्या दंडाएवढी, घट्ट, कुणी प्रेमानं घातल्यासारखी.
पाकिटावर छापलेलं असतं: खुशाल संडासात टाका.
खुशाल.

तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी काठाला लागलं.
मागे फिरलं असतं तर
कोळ्यांच्या गल्लीतल्या तळघरांत,
पुढे सोडलं तर खाडीत.
तिसरी वाट मी शोधली. खरंच शोधली.
मग चाक फिरवलं. सोळा फेरे.
नोंदवहीत लिहिलं: पाणी सोडलं.
एकतीस बायकांच्या आठवड्यावर.
हे नाही लिहिलं, तिथं तसा रकाना नाही.

नियमानं पाचच्या आत संघाला फोन करायचा.
संघाचा फोन पाळीपाळीनं घरोघर फिरतो.
या महिन्यात तो
आमच्याच स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी.

“केंद्रातून बोलतेय,” मी म्हटलं.
“बोला,” आई म्हणाली.
“एक तास चाळीस मिनिटं. प्रक्रिया न केलेलं.”
तिकडे खुर्ची सरकली. पेन्सिल शोधली गेली.
“लाल झेंडा लावते,” ती म्हणाली, आणि जरा थांबून,
“टिश्यू?”
“हो.”
“तुझी मावशी. कितीदा सांगितलं तिला.”

उजाडताना ओहोटी लागली, वर्षातली सगळ्यात मोठी,
अगदी लांबवर वाळू उघडी.
बायका धक्क्यावर रांगेत, दाताळी उलटी टेकवून.
कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही.
कुणी हातही केला नाही.
खाली, चार बोटं वाळूत,
तिसऱ्या एकेक करून पाणी पीत होत्या,
त्यांना कोण सांगणार.

नवव्या दिवशी नमुने उतरले. झेंडा उतरला.
त्या संध्याकाळी आई पहिल्यांदा फाटकाच्या आत आली,
नाकाला रुमाल न लावता.
मी शेवटच्या टाकीतली बाटली तिच्या हातात दिली.
तिनं ती उजेडात धरली, बूच काढलं,
दारू पारखावी तसं हुंगलं. पुन्हा हुंगलं.

“याला कशाचाच वास नाही,”
ती म्हणाली, तक्रार केल्यासारखी.
“समुद्राला असतो.”

मी बाटलीवर तारीख घातली.
ती घंटा बघायच्या म्हणून थांबली,
चष्मा कपाळावर ढकलून, एक डोळा मिटून,
आणि कितीतरी वेळ
काही बोललीच नाही.